बरोबरीत सुटलेला डाव

गेल्या दिवाळीत आपल्या बॅचच्या ग्रुपवर एका कागदाचा फोटो आला. एकरेघी वहीचं फाडलेलं पान, घडीवर पिवळं पडलेलं. त्यावर निळ्या शाईत बुद्धिबळाच्या चाली दोन रांगांत लिहिलेल्या. खाली पी.टी.च्या सरांची सही आणि शेरा : 'डाव बरोबरीत. दोघींना अर्धा-अर्धा गुण.' नववीतल्या क्रीडासप्ताहातला, मुलींच्या शेवटच्या फेरीचा तो डाव. पांढऱ्या सोंगट्या माझ्या होत्या. काळ्या जिच्या होत्या तिनेच फोटो टाकला होता. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. "छापलंस तर बघ," असं तिनं बजावलंय. आपल्या बॅचला कळेलच.

सहा मुली, पाच फेऱ्या. शेवटच्या फेरीआधी माझे साडेतीन गुण होते, तिचे तीन. बरोबरी झाली, माझे चार झाले आणि पहिल्या नंबराचा स्टीलचा डबा मी घरी नेला. आईच्या स्वयंपाकघरात तो अजून आहे, त्यात रवा असतो. बरोबरी तिनं मागितली होती. तिचा डाव अडचणीत होता म्हणूनच तिनं ती मागितली असणार, असं मी तीस वर्षं धरून चालले होते.

स्मरणिका समितीने मला लेख मागताना सांगितलं, "नुसत्या आठवणी खूप आल्यात, काहीतरी माहितीपर दे." म्हणून तो कागद तूर्त बाजूला ठेवते आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या एका बरोबरीची गोष्ट सांगते. शेवटी कागदाकडे परत येईन, कारण ही गोष्ट वाचल्यावरच मला तो नीट वाचावासा वाटला.

दोन हौशी खेळाडू

साल १८७२. गाव व्हिएन्ना, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याची राजधानी. तिथली कॉफीहाऊस म्हणजे आपल्याकडच्या गावातला पार आणि वाचनालय एकत्र केल्यासारखी जागा. वर्तमानपत्रं, गप्पा, बिलियर्ड आणि बुद्धिबळ. १८५७ पासून शहरात बुद्धिबळ खेळणाऱ्यांचं रीतसर मंडळही होतं आणि त्याच्या स्पर्धा होत. १८५९ आणि १८६० अशी लागोपाठ दोन वर्षं त्या स्पर्धेत पहिला आला तो कार्ल हाम्पे नावाचा एक वरिष्ठ सरकारी अधिकारी. त्याच्या मागे राहिलेल्यांत विल्हेल्म स्टाइनिट्झ हा प्राग शहरातून पॉलिटेक्निकमध्ये शिकायला आलेला विद्यार्थी होता. त्याने पुढे शिक्षण सोडून बुद्धिबळालाच वाहून घेतलं आणि १८८६ साली तो पहिला अधिकृत जगज्जेता झाला. हाम्पे मात्र नोकरी सांभाळून खेळणारा हौशी खेळाडूच राहिला. त्याच्या नावावर एक गोष्ट कायमची जमा आहे. दोन्ही बाजूंनी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकलं की पांढऱ्याने लगेच वजिराच्या बाजूचा घोडा बाहेर काढायचा, या सुरुवातीचा अभ्यास त्याने केला. आज तिला 'व्हिएन्ना गेम' म्हणतात, पूर्वी हाम्पेच्याच नावाने ओळखत.

त्याच्यासमोर बसलेला फिलिप माइटनर तिशीतला वकील. ऑस्ट्रियात १८६७ च्या राज्यघटनेने ज्यूंना इतरांच्या बरोबरीचे नागरी हक्क दिले. त्यानंतर वकिलीत शिरलेल्या पहिल्या काही ज्यूंपैकी माइटनर एक. बुद्धिबळात तो किरकोळ नव्हता. १८७३ आणि १८८२ च्या व्हिएन्नातल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्टाइनिट्झ आणि ब्लॅकबर्न यांच्यासारख्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. पण त्याचं पोट वकिलीवर होतं. दिवसभर कोर्टकचेरी आणि संध्याकाळी पट, असा हा माणूस.

म्हणजे साठीकडे झुकलेला एक सरकारी अधिकारी आणि एक तरुण वकील. त्या दोघांनी खेळलेला अठरा खेळ्यांचा डाव आज 'अमर बरोबरी' म्हणून जगभर छापला जातो.

राजा एकटाच निघाला

पट हाताशी असेल तर मांडून बघा. उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८, पांढरे खाली. ज्यांना बुद्धिबळ येत नाही त्यांनी राजाचा प्रवास तेवढा लक्षात ठेवला तरी चालेल.

पांढरे हाम्पेचे, काळे माइटनरचे. दोघांनी राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं. हाम्पेने आपला आवडता घोडा काढला, माइटनरने उंट बाहेर आणला. तिसऱ्या खेळीला हाम्पेचा घोडा पटाच्या कडेला, ए-४ वर जाऊन बसला आणि उंटावर मारा धरला. कडेला गेलेल्या घोड्याची निम्मी घरं जातात हे आपल्याला सरांनी शिकवलं होतं. माइटनरने उंट मागे घ्यावा असं कोणालाही वाटेल. त्याने उंटाने एफ-२ चं प्यादं मारून राजाला शह दिला.

राजाने उंट मारला. काळा वजीर धावत एच-४ वर आला, पुन्हा शह. मध्ये प्यादं घालून शह अडवला असता, तर वजिराने ई-४ चं प्यादं मारून घोडा आणि हत्ती असे दोघे एकदम कचाट्यात धरले असते. म्हणून पांढरा राजा पुढे निघाला : ई-३, डी-३, सी-३. एका बाजूने वजीर, दुसऱ्या बाजूने प्यादं त्याच्या मागे लागलेलं. आठव्या खेळीला राजा बी-३ वर आला तेव्हा जरा निवांत दिसत होता. माइटनरने घोडा ए-६ वर काढला आणि पुढच्याच खेळीत वजिराने मात करण्याचा धाक घातला. हाम्पेने ए-३ प्यादं टाकून ते घर बंद केलं.

मग माइटनरने वजीर दिला. कडेच्या त्या घोड्यावर वजीर घातला आणि राजाला तो मारायला लावला. त्यापुढे आपला घोडाही दिला. आतापर्यंत त्याचा उंट, वजीर आणि घोडा गेले होते आणि बदल्यात त्याच्या हाती एक घोडा आणि दोन प्यादी होती. पांढरा राजा सी-५ वर, शत्रूच्या अंगणात उभा. अशा वेळी कोणीही शहामागून शह देत सुटेल. माइटनरने शांतपणे आपला दुसरा घोडा ई-७ वर आणला. शह नाही, मारामारी नाही. वजीर गेलेला माणूस अशी खेळी करतो, याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं. त्या खेळीत धमकी होती ती अशी : प्याद्याने शह द्यायचा, राजाला बी-५ वर लोटायचं आणि उंट डी-७ वर आणून मात करायची.

इथे हाम्पेची हुशारी दिसते. त्याने घाबरून सोंगट्या हलवल्या नाहीत. उंटाने शह दिला आणि मग तोच उंट सी-६ वर, सरळ काळ्या घोड्याच्या तोंडी नेऊन ठेवला. त्या घरातून उंटाची नजर डी-७ वर होती, म्हणून ठरलेली मात हुकली. काळ्याने उंट मारला, राजाने तो घोडा मारला, आणि राजा आता सी-६ वर पोहोचला. आपल्या घरापासून पाच रांगा पुढे.

सोळाव्या खेळीला माइटनरने शेवटचा उंट बी-७ वर राजाच्या शेजारी ठेवला : शह. उंट फुकट आहे, त्याला कोणाचा आधार नाही. पण राजाने तो मारला, तर काळा राजा एक घर पुढे येतो, वाटा बंद करतो आणि मग एच-८ चा हत्ती बी-८ वर येऊन मात होते. मध्ये वजिराचा एखादा शह दिला तरी मात टळत नाही. म्हणून राजा बी-५ वर परतला. उंट ए-६ वर, शह. हाही उंट मारता येत नाही, मागे हत्ती आहे. राजा ए-४ वर पळाला तर उंट सी-४ वर येतो आणि प्याद्याची मात ठरलेली. म्हणून राजा पुन्हा सी-६ वर. उंट पुन्हा बी-७ वर. हे असंच चालू राहणार हे दोघांनाही दिसत होतं. अठराव्या खेळीला डाव बरोबरीत सोडला.

शेवटच्या स्थितीत पट बघितला की हसू येतं. पांढऱ्याचा वजीर, दोन्ही हत्ती, एक उंट आणि एक घोडा डाव सुरू झाला तेव्हा होते त्याच घरांत आहेत. सगळी फौज छावणीत, आणि राजा एकटा शत्रूच्या वाड्यात हेलपाटे घालतोय. काळ्याकडे वजीर नाही, पण आठच्या आठ प्यादी शाबूत आहेत. राजाला दोन घरांत नाचवणाऱ्या त्या उंटाच्या युक्तीला आजही या दोघांच्याच नावाने ओळखतात.

अर्ध्या गुणाचा इतिहास

आपण शाळेत बरोबरीला फार किंमत देत नव्हतो. "काय झालं?" "काही नाही, बरोबरी." हे "काही नाही" फार जुनं आहे. १८५१ साली लंडनला पहिली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा बरोबरीचा डाव धरतच नसत, पुन्हा खेळावा लागे. निकाल लागेपर्यंत माणसं आणि संयोजक दोघेही थकून जात. १८६० चं दशक सरता सरता दोघांना अर्धा-अर्धा गुण द्यायची पद्धत रुजू लागली. तरी ती सगळीकडे लगेच मान्य झाली नाही. १८८३ च्या लंडन स्पर्धेत पहिल्या दोन बरोबऱ्या पुन्हा खेळायच्या आणि तिसरी झाली तरच अर्धा गुण, असा नियम होता. बरोबरी म्हणजे दोघांनी काम टाळलं, हा संशय त्यामागे होता.

तो संशय अगदी खोटाही नाही. दहा-बारा खेळ्या करून हात मिळवून उठणारे खेळाडू आजही आहेत. पण एकाच अर्ध्या गुणाखाली किती वेगवेगळ्या गोष्टी येतात बघा. दोघांकडे मात करण्याइतकं सैन्यच उरलं नाही, तरी बरोबरी. एकाच्या राजाला शह नाही पण हलवायला एकही चाल नाही, तरी बरोबरी. एकच स्थिती तीनदा आली आणि खेळाडूने दावा केला, तरी बरोबरी. पन्नास खेळ्यांत दोन्हीकडून एकही प्यादं सरकलं नाही, काही मारलं गेलं नाही आणि तसा दावा केला, तरी बरोबरी. आणि दोघांनी एकमेकांना "सोडूया का?" विचारून हात मिळवला, तरीही तीच.

२०२५ च्या जुलैमध्ये बाटुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवलं. तेव्हा आपण सगळ्यांनी ग्रुपवर फटाके फोडले. त्याआधीचे त्यांचे दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले होते आणि निकाल जलद डावांत लागला. त्या दोन बरोबऱ्यांबद्दल ग्रुपवर कोणी बोललं नाही. मीही नाही.

माझा रोजचा धंदा सॉफ्टवेअरचा. बुद्धिबळाचं इंजिन कोणत्याही स्थितीला एक आकडा देतं. पांढऱ्याचं पारडं जड असेल तर अधिक, काळ्याचं असेल तर उणे, आणि समसमान असेल तर शून्य. हाम्पे-माइटनर डावाची शेवटची स्थिती मी लॅपटॉपवर घातली. उत्तर आलं शून्य. मग एका पटावर फक्त दोन राजे ठेवले, बाकी काही नाही. तिथेही शून्यच. दोन्ही शून्यं बरोबर आहेत. पण आकडा कसा आला ते आकड्यात दिसत नाही. ते कळायला खेळ्या लिहिलेल्या असाव्या लागतात. त्या डावाच्या खेळ्या कोणी टिपल्याच नसत्या, तर १८७२ ची ती संध्याकाळ 'अर्धा-अर्धा' एवढीच उरली असती, किंवा तेवढीही नाही.

वकिलाची मुलगी

माइटनर हे आडनाव आपण बुद्धिबळाशिवाय आणखी एका ठिकाणी वाचलेलं आहे. भौतिकशास्त्रात. या डावानंतर सहा वर्षांनी, १८७८ साली, फिलिप माइटनरला तिसरी मुलगी झाली. तिचं नाव लिझ. अणुकेंद्र फुटतं म्हणजे नेमकं काय होतं, याचा पहिला उलगडा तिने आणि तिच्या भाच्याने केला.

तिची कथा मी इथे आणते ती शाळेच्या स्मरणिकेत शोभेल म्हणून. व्हिएन्नात तेव्हा मुलींची सरकारी शाळा चौदाव्या वर्षी संपायची. मुलग्यांना पुढे आठ वर्षांचं विद्यापीठपूर्व शिक्षण होतं, मुलींना त्याचं दार बंद. लिझ शाळेतून बाहेर पडली तेव्हा मुलींना विद्यापीठातही प्रवेश नव्हता. तो १८९७ मध्ये मिळाला, तोही आधी काही विद्याशाखांपुरता. प्रवेशासाठी परीक्षा मात्र तीच, जी मुलगे आठ वर्षं शिकून देत. वडिलांनी अट घातली ती आपल्याकडच्या कोणाही वडिलांना पटेल अशी : आधी फ्रेंचची शिक्षिका होण्यापुरती पात्रता मिळव, म्हणजे पोटापाण्याचं बघता येईल, मग पुढचं. तिने ती मिळवली. मग वडिलांनी खासगी शिकवण्यांचा खर्च उचलला आणि तिने तो सगळा अभ्यासक्रम दोन वर्षांत उरकला. १९०१ मध्ये तिच्यासोबत चौदा मुली बाहेरून परीक्षेला बसल्या होत्या. पास झाल्या चार. १९०६ मध्ये ती डॉक्टरेट झाली. १९०७ मध्ये बर्लिनला गेली तेव्हाही खर्चाचे पैसे व्हिएन्नाहून येत होते.

बर्लिनच्या रसायनशास्त्राच्या संस्थेत बायकांना वर जायची मुभा नव्हती. तळघरातली सुताराची जुनी खोली तिला कामासाठी मिळाली, वेगळ्या दरवाजाने येण्याजाण्याच्या अटीवर. तिथून सुरू झालेली तिची आणि ओटो हानची जोडी तीस वर्षं एकत्र काम करत राहिली. फिलिप माइटनर १९१० मध्ये गेला. मुलीचं पुढचं यश त्याने पाहिलं नाही, आणि पुढचे हालही पाहिले नाहीत. १९३८ च्या जुलैमध्ये, साठीला टेकलेली लिझ ज्यू म्हणून जर्मनीतून पळाली आणि हॉलंडमार्गे स्वीडनला पोहोचली.

त्याच वर्षी नाताळच्या सुमारास हानचं पत्र आलं. युरेनियमवर न्यूट्रॉन सोडले की बेरियम सापडतंय, हे कसं शक्य आहे? तिच्याकडे सुट्टीला आला होता तिचा भाचा ओटो फ्रिश, तोही भौतिकशास्त्रज्ञ आणि फिलिप माइटनरचा नातू. दोघं बर्फात फिरायला गेले, एका ओंडक्यावर बसले आणि कागदाच्या तुकड्यांवर हिशेब मांडला. केंद्र दुभंगत होतं आणि त्यातून किती ऊर्जा सुटते तेही जुळत होतं. फेब्रुवारी १९३९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्या दोघांचा लेख आला. रसायनशास्त्राचं १९४४ चं नोबेल मिळालं एकट्या हानला. पुढे नोबेलची जुनी दप्तरं खुली झाली तेव्हा कळलं की लिझ माइटनरचं नाव चाळीसहून अधिक वेळा सुचवलं गेलं होतं. १९९७ मध्ये १०९ व्या मूलद्रव्याला मायट्नेरियम हे नाव दिलं गेलं.

निकालाची यादी वाचली तर तिचं नाव नाही. पत्रं, लेख, तारखा, म्हणजे खेळ्यांची नोंद वाचली तर ती प्रत्येक पानावर आहे. बापाचा डाव आणि लेकीचं काम, दोन्ही आपल्यापर्यंत आलं ते कोणीतरी खेळ्या लिहून ठेवल्या म्हणून.

साडेपाचची गाडी

हे सगळं वाचून झाल्यावर एका रविवारी मी ग्रुपवरचा फोटो उघडला आणि आमच्या डावाच्या खेळ्या एकेक करून इंजिनात भरल्या. एकतीस खेळ्या. पंचविसाव्या खेळीपर्यंत ठीक चाललं होतं. तिथे मी एक हत्ती अशा घरात नेला होता की आता बघताना लाज वाटते. आकडा काळ्याच्या बाजूने झुकला आणि झुकतच गेला. शेवटच्या खेळीनंतर तो उणे सहा होता. म्हणजे तिची एक मोठी सोंगटी जास्त असल्यात जमा, शिवाय माझा राजा उघडा. तिच्या पुढच्या चार-पाच खेळ्यांत डाव माझ्या हातून गेला असता. त्या खेळीनंतर तिनं मान वर करून विचारलं होतं, "सोडूया का गं?" आणि मी मोठेपणाने हो म्हटलं होतं.

मी तिला फोन केला. म्हटलं, "अगं, तू जिंकत होतीस."

"हो की. दिसत होतं मला."

"मग बरोबरी का मागितलीस?"

"साडेपाचची गाडी होती ना."

मला आठवेना. मग तिनं सांगितलं. तिचं गाव शाळेपासून चौदा किलोमीटर. साडेपाचची गाडी शेवटची. त्या आठवड्यात कबड्डीमुळे एकदा ती चुकली होती आणि तिचे काका सायकलवर अंधारात तिला न्यायला आले होते. घरी सांगितलं गेलं, पुन्हा उशीर झाला तर शाळा बंद. आमचा डाव रंगात आला तेव्हा वर्गातल्या घड्याळात पाच वाजून दहा झाले होते. स्टँडपर्यंत चालत पंधरा मिनिटं. "तू प्रत्येक खेळीला पाच-पाच मिनिटं घेत होतीस," ती म्हणाली. "जिंकायला अजून अर्धा तास लागला असता. मग डबा मिळाला असता आणि दहावी गेली असती."

तिची दहावी गेली नाही. दहावी झाली, बारावी झाली, डी.एड. झालं. घरी अट होती ती जवळपास तशीच, आधी शिक्षिका होण्यापुरतं शिक, मग बघू. आज ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि दुपारच्या सुट्टीत चौथीच्या पोरांना बुद्धिबळ शिकवते. मी इंजिनिअरिंगला गेले, शहरात राहिले. माझं घर शाळेपासून सात मिनिटांवर होतं. गाडीचं वेळापत्रक मला कधी माहीतच करून घ्यावं लागलं नाही. तीस वर्षं मी लोकांना सांगत आले की शाळेत बुद्धिबळात माझा पहिला नंबर होता.

बक्षिसांच्या वहीत तसं लिहिलंही असेल, आणि ते खोटं नाही. नियमाप्रमाणे गुण माझेच जास्त होते. पण सरांनी आम्हाला खेळ्या लिहायला लावल्या होत्या. तेव्हा आम्ही कुरकुरलो होतो, "सर, शाळेच्या स्पर्धेत कशाला?" सर म्हणाले होते, लिहा, लागतं. सर, तुम्ही हे वाचत असाल तर सांगते, लागलं. आणि तिनं तो कागद मार्कलिस्टच्या फायलीत तीस वर्षं जपला. मी विचारलं, कशाला गं जपलास? म्हणाली, "माझा सगळ्यात चांगला डाव आहे तो."

स्नेहमेळाव्याच्या दिवशी जेवणानंतर तळमजल्यावरच्या नववी 'ब' च्या वर्गात मी पट मांडणार आहे. कागदावरची शेवटची स्थिती जशीच्या तशी. चाल पांढऱ्यांची, म्हणजे माझी आहे. तिचा मुलगा तिला गाडीने सोडायला आणि न्यायला येणार आहे, त्याला उशीर चालेल असं त्यानं कळवलंय. ज्यांना बघायचं असेल त्यांनी यावं, फक्त तिला खेळ्या सुचवू नयेत, तिला गरज नाही.

डबाही आणते आहे. आईनं रवा दुसऱ्या डब्यात काढून ठेवलाय.